न ठोकलेली गाडी

जुनी गाडी घ्यायची असली की लोक मला बरोबर नेतात. तीस वर्षं गॅरेज चालवतोय. बॉनेट उघडायच्या आधीच विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून मला निम्मं कळतं, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो. विकणारे मला खडूस म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. हल्ली कोणी तसं म्हटलं की तोंड कुठे लपवू असं होतं. त्याला कारण एक निवृत्त नर्स. त्यांचीच गोष्ट सांगतोय. सांगता सांगता मी स्वतःला जरा बरा दाखवायला लागलो, तर तेवढं वगळून ऐका.

माझ्या धाकट्या बहिणीला गाडी हवी होती. मेहुण्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं, स्कूटर कायमची बंद, आणि हातात पैसे बेताचे. तेवढ्या पैशांत लोक ज्या गाड्यांवर उड्या मारतात त्या म्हणजे नुसती खटारी. मीच तिला सांगितलं, त्यांच्या नादी लागू नकोस, ती उंच टपाची छोटी गाडी शोध. कंपनीनं चार वर्षांत बंद केली ती. दिसायला अगदीच बावळट, चाकं बारीक, रंग मिळायचा तोही भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. रस्त्यावर दिसली तर कोणी वळून बघत नाही. पण इंजिन तेच, जे त्याच कंपनीनं नंतर तिच्या सगळ्यात खपणाऱ्या गाडीत घातलं, म्हणजे सुट्या भागांची ददात नाही. इंजिनात बेल्टऐवजी चेन, त्यामुळे ठरावीक वर्षांनी बेल्ट बदलायची कटकट नाही. पेट्रोल पिते तेही चाखल्यासारखं. गिऱ्हाईक नाही म्हणून मातीमोल भावानं मिळते, एवढाच काय तो तिचा दोष, आणि घेणाऱ्याला तो दोष नव्हेच.

शोधता शोधता एक सापडली. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या बाई विकत होत्या. अडतीस वर्षं हाडांच्या वॉर्डात काम केलेलं, निवृत्त होऊनही आख्खी इमारत त्यांना सिस्टरच म्हणायची. नवरा वजनमापं तपासायच्या खात्यात होता, गेल्या वर्षी वारला. गाडी त्याची. मूलबाळ नाही. घर असं की जमिनीवर काही सांडलं तर उचलून खावं. टेबलावर औषधांच्या रिकाम्या डब्या, त्यांत बटणं, सुया, टाचण्या, प्रत्येकीवर चिठ्ठी.

आम्ही आत पाऊल टाकतोय तोच त्यांनी किंमत सांगून टाकली. घासाघीस वगैरे त्यांच्या गावीही नव्हतं. आकडा सांगितला आणि वर म्हणाल्या, जास्त वाटत असेल तर सांगा. आम्ही घरून ठरवून निघालो होतो त्याहून तो कमीच होता. धाकटीनं मला कोपरानं ढोसलं आणि लगेच हो म्हणून मोकळी झाली. म्हणजे गाडी बघायच्या आधीच व्यवहार झालेला. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझी सगळी लाज इथेच आहे.

मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली गाडी उभी होती. मी आधी बॉनेटवर हात ठेवला. गार. काही विकणारे आपण यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतात, म्हणजे थंड असतानाची खडखड ऐकू येत नाही. इथे तसलं काही नव्हतं. किल्ली फिरवली आणि पहिल्याच झटक्यात सुरू झाली. वर्षभर उभी असलेली गाडी अशी सुरू होते कशी, म्हणून विचारलं. सिस्टर म्हणाल्या, त्या दर रविवारी सुरू करतात आणि चार फूट पुढे, चार फूट मागे घेतात. तेवढंच त्यांना येतं, नवऱ्यानं तेवढंच शिकवलं होतं. एका जागी उभी राहून टायर बसू नयेत म्हणून. पेशंटला कूस बदलून देतात ना, तसंच, असं म्हणून त्या हसल्या.

मी दाराचे रबर ओढून आतले कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके बघितले. सगळे जागच्या जागी, म्हणजे पत्रा कधी बदललेला नाही. पायाखालची सतरंजी उचलून वास घेतला, पाण्यात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी वास सोडत नाही. कोरडी ठणठणीत. तेलाच्या झाकणाखाली फेस नाही, धूर नाही, चारही टायर सारखे झिजलेले. चक्कर मारून आणली, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सोडून दिलं, गाडी रेषेतच. सिस्टरांनी नवऱ्याची वही पुढे केली, पेट्रोल कधी, तेल कधी, हवा कधी, सगळं त्यात लिहिलंय म्हणाल्या. मी ती उघडलीसुद्धा नाही. वह्या बघून गाडी ओळखायची तर मग मी कशाला, असा आमचा ताठा.

अर्धा तास झाला आणि मला काही सापडेना. धाकटी आणि मेहुणे हाताची घडी घालून उभे, खडूस आता काय काढतो म्हणून. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मला घाम फुटला. तीस वर्षांत मी कधी कोणाला 'गाडी चांगली आहे, घ्या' असं साधं म्हटलेलं नाही. आमच्या धंद्यात विकणाऱ्यासमोर माल चांगला म्हणायचाच नसतो, म्हटला की भाव चढतो. पण इथे भावाचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता माझ्या शेखीचा. काहीच न काढता परत गेलो, तर मला बरोबर नेलं कशाला?

आणि मला पुढच्या बंपरचा एक बोल्ट दिसला. त्याच्या डोक्यावरचा रंग पान्यानं खरवडलेला. तो का खरवडलाय हे मला बघताक्षणी कळलं होतं. या गाडीत दिव्याचा साधा बल्ब बदलायचा तरी बंपर सैल करावा लागतो, कोण्या शहाण्यानं तशी बनवलीय कोण जाणे. कोणीतरी कधीतरी बल्ब बदलला होता. बस. एवढंच.

मी कंबर सरळ केली, हात पुसले आणि म्हणालो, "गाडी ठोकलेली आहे."

सिस्टरांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी विचारलं, "केव्हा?"

मी आपलं ठोकून दिलं, दीड-दोन वर्षं झाली असतील. जोरात का, असं त्यांनी विचारलं. चांगलीच जोरात, मी म्हटलं, पण दुरुस्त करणारा कसबी होता, पत्ता लागू दिला नाही. वर बंपर उघडल्याची खूण म्हणून त्या बोल्टवर बोट ठेवून दाखवलंही. त्या खाली वाकल्या, चष्मा वर केला आणि बराच वेळ त्या बोल्टकडे बघत राहिल्या.

"चालवणाऱ्याला लागलं असेल?"

त्यांनी हे इतक्या साध्या आवाजात विचारलं की मी विचारसुद्धा केला नाही. लागलं असणारच, म्हटलं, एवढ्या माराला लागल्याशिवाय कसं राहील. जीभ झडली का नाही माझी त्या क्षणी! मग मीच मोठ्या मनाचा आव आणून सांगितलं की आता गाडीला काही धोका नाही, ठरल्या भावात घेतो. सिस्टर फक्त एवढंच म्हणाल्या, "हे मला काही बोलले नाहीत." घरी जाताना धाकटीनं तारीफ केली, दादा तुझी नजर म्हणजे नजर आहे. मी मिशीतल्या मिशीत हसलो.

दोन महिन्यांनी गाडी नावावर करायच्या कागदावर सिस्टरांची एक सही राहिली होती, ती घ्यायला धाकटी गेली. परत आली ती सरळ माझ्याकडे गॅरेजमध्येच. स्टुलावर बसली, आणि सांगायला लागली. सिस्टरांच्या टेबलावर नवऱ्याचे दवाखान्याचे कागद पसरलेले. डोक्याच्या स्कॅनच्या फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवलेल्या. नवरा जायच्या आधी दोन-तीन महिने डोकं दुखतंय म्हणायचा. सिस्टर म्हणायच्या, चष्म्याचा नंबर बदलून घ्या. एक दिवस न्हाणीघरात पडला तो शुद्धीवर आलाच नाही, दवाखान्यात तपासलं तर मेंदूत रक्त साचलं होतं म्हणे. पडल्यामुळे साचलं, असं तेव्हा सगळे समजले. आता सिस्टरांना वाटतंय की ते आधीपासूनच साचत होतं. गाडी ठोकली तेव्हा डोक्याला मार बसला, आपण रागावू म्हणून त्यानं लपवलं, आणि अडतीस वर्षं नर्स असलेल्या बाईला घरातल्या माणसाचं डोकं का दुखतंय ते कळलं नाही. जुन्या ओळखीच्या डॉक्टरांकडे कागद घेऊन त्या फिरतायत. जेवतात की नाही कोण जाणे, अंगावरचे कपडे लोंबायला लागलेत.

"बरं झालं दादा तू सांगितलंस," धाकटी म्हणाली. "नाहीतर बिचारीला कधी कळलंच नसतं."

आणि मी काय केलं? तिच्यावरच खेकसलो, की कामाच्या वेळेला येऊन डोकं खाऊ नकोस. ती बिचारी तोंड बारीक करून गेली. त्यानंतर पंधरा दिवस मी आज जाऊ, उद्या जाऊ करत काढले. मी काही मुद्दाम केलं नव्हतं, मला काय माहीत तिचा नवरा कशानं गेला, असं मनाला बजावत होतो. पण रोज अर्धं ताट टाकून उठायचो. माझी बायको म्हणाली, काय खाल्लंयस असं जे पचत नाही? तिला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, अजून इथेच का बसलायस?

धाकटीकडून गाडी मागून घेतली आणि गेलो. सिस्टरांनी दार उघडलं, गाडी बघून चेहरा क्षणभर उजळला, मग म्हणाल्या, काही बिघडलं का? मी म्हटलं, गाडीचं नाही, माझं बिघडलंय. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. गाडी ठोकलेली नव्हती, मी खोटं बोललो. त्यांना बाहेर आणलं, बंपर काढून ठेवला, आतला कंपनीचा लोखंडी दांडा दाखवला, त्यावर ओरखडासुद्धा नाही. बल्ब कसा बदलतात ते दाखवलं, तोच बोल्ट, तसाच पाना. त्या सगळं लक्ष देऊन बघत होत्या. वाटलं, पटतंय.

आत आल्यावर त्यांनी वही काढली. मी चेव आल्यासारखी पानं उलटायला लागलो, कुठेतरी बल्ब सापडावा म्हणून. तेल होतं, वायपरचं रबर होतं, हवा भरलेली तर दर पंधरवड्याला होती. बल्ब नव्हता. सर्व्हिसिंगमध्ये गॅरेजवाल्यानं परस्पर बदलला असेल, बिलात वेगळा धरला नसेल, आम्ही धरत नाही, असं मी सांगत राहिलो.

"हवासुद्धा लिहायचे," सिस्टर म्हणाल्या. "बल्ब सोडला असता?"

"बाई, मी तुमच्या पाया पडतो. मी खोटं बोललो होतो."

"पण का बोलाल? भाव तर आधीच ठरला होता. तुम्ही एक पैसा कमी केला नाहीत. तुमचा फायदा काय होता त्यात?"

मी सांगितलं. मला खोट सापडली नाही ते सहन झालं नाही, बहिणीसमोर मोठेपणा मिरवायचा होता, म्हणून. सांगताना मलाच ऐकवेना, एवढ्याशा गोष्टीसाठी कोण असं करतं? त्यांनाही तेच वाटलं असणार. त्यांनी माझ्यासाठी पाणी आणलं, पेला हातात दिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, माझी समजूत घालायला तुम्ही एवढ्या लांब आलात, स्वतःच्या अंगावर घेतलंत, इतकं कोणी करत नाही. तुम्ही फार चांगले आहात. आयुष्यात मला असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि ऐकावं लागलं ते नेमकं तेव्हा.

मी उठलो. त्या दारापर्यंत आल्या. हातात त्या स्कॅनच्या फिल्मचं पाकीट होतं.

"आता आलाच आहात तर एक सांगा. तुम्हाला त्यातलं कळतं," त्या म्हणाल्या. "मार समोरून बसला तर चालवणाऱ्याचं डोकं कुठल्या बाजूला आपटतं? डावीकडे की उजवीकडे?"

"कुठेच नाही, बाई. कुठेच आपटलं नाही."

त्यांनी हळूच मान डोलावली, हो हो, म्हणाल्या, आणि दोन्ही बाजू तपासून घेते असं स्वतःशीच म्हणत आत गेल्या.