मामांच्या रागाची नोकरी

माझ्या बायकोच्या मामांइतका रागीट माणूस भिवंडी तालुक्यात दुसरा नाही, आणि ज्याच्या रागावर इतक्या घरांच्या चुली पेटल्या असाही दुसरा नाही. सकाळी चहा गार म्हणून ते चिडतात, रिक्षावाला वेळेवर आला तर आधी का नाही आला म्हणून चिडतात. पण हा सगळा सराव. खरा राग त्यांनी गोदामांच्या गेटवरच्या भरतीच्या पाट्यांसाठी राखून ठेवलेला आहे. 'वयोमर्यादा पस्तीस' असं कुठे दिसलं की मामा रिक्षा थांबवून उतरतात.

भिवंडीतले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, भंगारात जाऊ लागले, तशी पन्नाशीची माणसं नाक्यावर बसू लागली. चाळीस वर्षं लूमवर काढलेल्या मामांना ते बघवेना. त्यांनी एकेकाला धरून अंजूरच्या गोदामांत न्यायला सुरुवात केली. गोदामं उभी आहेत ती त्यांच्या वडिलांच्या शेतावर. गेटवर अडवलं की ते वॉचमनला सांगतात, "इधर मेरे बाप का भात होता था. तेरी कुर्सी है ना, उधर हमारी भैंस बैठती थी." वॉचमन उठून उभाच राहतो.

उमेदवारांवर तर त्यांचा राग दुप्पट. एकजण केस काळे करून आला, तर मामांनी त्याचं डोकं नळाखाली धरलं. पांढरे केस लपवायला चोरी केलीस का, असं विचारत होते. 'कायबी काम करीन' हे वाक्य त्यांनी बंदच केलंय. "कायबी करीन म्हनलास तर कायबीच देतील. तुला काय येतं त्ये सांग," असं म्हणून ते उत्तर घोटून घेतात.

मग माझ्या त्रेपन्नाव्या वर्षी मी कामाला होतो तो लूमचा कारखानाच बंद पडला. मी घरी सांगितलं नाही. बारा दिवस डबा घेऊन निघायचो, एसटीने गणेशपुरीला जायचो आणि आश्रमाबाहेर बसून जेवायचो. एक दिवस गुडघ्यासाठी तिथल्या गरम कुंडावर आलेले मामा समोर उभे. परतीच्या एसटीत ते एक शब्द बोलले नाहीत. मी जन्मात इतका घाबरलो नव्हतो. उतरताना म्हणाले, "जावईबापू, लाज तुमी कशाला वाटून घेता? ज्यांनी घरी बसवलं त्यांना वाटू द्या."

आठवड्यात मी गोदामात लागलो. खोकी वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याशी उभं राहायचं. लूमवर आवाज बदलला की समजायचं, सुताची तार तुटली; बंद करायला आधी हात जातो आणि मग डोकं. पहिल्याच दिवशी दुपारी पट्ट्याचा आवाज बदलला आणि मी लाल बटण दाबून मोकळा. सगळं गोदाम थांबलं. माझ्या मुलीच्या वयाचा साहेब आला. न विचारता मशीन बंद करता, असली जुनी माणसं नकोतच, उद्या येऊ नका, म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी मुकाट डबा उचलायला निघालो.

कुणीतरी मामांना फोन केला. ते आले तेव्हा छप्पर उडणार असं मला वाटलं. पण ते वाकले, पट्ट्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबले. तिथे पट्टा उसवून त्याचे दोरे सुटले होते. मग माझा हात धरून साहेबाला हळू आवाजात म्हणाले, "सायब, यो हात तयार व्हायला तीस वर्सं लागली. तुमी सकाळपासून हितं हाव, तुमाला पट्ट्याचा आवाज ऐकू आला का?"

मी टिकलो. आता पट्ट्यांची देखभाल माझ्याकडे आहे.

परवा सुट्टीच्या वेळी मामा गेटवर उभे होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "माज्या वयाचं काय हाय का आत?" त्यांना सत्तरावं लागलंय. घरी बसवत नाही म्हणाले. मी अर्ज आणला. 'काय काम येतं' या रकान्याशी मी थांबलो. साऱ्या तालुक्याकडून हे उत्तर घोटून घेणारे मामा आता माझ्या पेनाकडे बघत होते. मग म्हणाले, "रागवाया येतं. लिवा."

मी तसंच लिहिलं. अर्ज अजून माझ्या खिशात आहे. साहेब काय म्हणेल ते मला ठाऊक आहे, आणि त्यावर मामांसारखं रागवायला मला अजून येत नाही.