धोब्याच्या कपड्यांतला कैदी

सासऱ्यांना मी आवडत नव्हतो आणि मला ते. सासूबाई गेल्यावर बायकोच्या हट्टापायी आम्ही महाल भागातल्या त्यांच्या घरी राहायला आलो. तेव्हापासून आल्यागेल्यासमोर ते माझी ओळख "आमचे घरजवाई" अशीच करून देत. मी हिंगण्याच्या कारखान्यात पाळ्या करत होतो, घरचा किराणा भरत होतो, पण तो शब्द काही माझ्या मागून हटला नाही.

त्या रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर मी टीव्हीवर एक जुनी विदेशी विनोदी मालिका लावली. हिंदीत डब केलेली. महायुद्धातले हेर, त्यांची सोंगं, सगळा गोंधळ. त्या भागात एक सैनिक आचाऱ्याची बहीण बनून शत्रूच्या मुदपाकखान्यात घुसतो आणि तिथला जाडा अधिकारी त्याच्याच प्रेमात पडतो. दुसऱ्या हेराची खोटी मिशी सूपमध्ये पडते, तरी कोणाला संशय येत नाही. मी खदखदून हसत होतो.

सासरे फौजेत होते. लढाईत पकडले गेले आणि काही महिने शत्रूच्या कैदेत होते, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्याबद्दल ते कधी बोलत नसत.

"बंद करा ते," दाराजवळच्या खुर्चीतून ते म्हणाले.

"काहून? सुटीच्या दिवशी टीव्हीही पाहू नये का?"

मी आवाज वाढवला. खरं सांगतो, मालिकेसाठी नाही, त्यांना डिवचायला.

ते उठले. मला वाटलं, आत जातील. पण ते टीव्हीसमोर येऊन उभे राहिले.

"असे कपडे बदलून कोणी सुटत नाही, जवाई. आमच्यातल्या एकानं करून पाहिलं. छावणीत धोबी यायचा. त्याचे कपडे घातले, डोक्यावर गठोडं घेतलं न् निघाला फाटकाकडे. आम्ही हजेरीले उभे होतो. त्याची ती चाल पाहून मले हासू आलं. मी कुठं पाहून राहिलो, ते पहारेकऱ्यानं पाहिलं."

"मग?"

"आमच्यासमोर झोडपलं त्याले. हात कायमचा गेला त्याचा. सुटून आलो तवा एकाच गाडीत होतो. तो माह्याशी बोलला नाही."

त्यांच्या पाठीमागे टीव्हीतला हशा चालूच होता. तेव्हा तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण चार वर्षांचं घरजवाईपण घशाशी आलं होतं.

"म्हणजे त्याला तुम्हीच पकडून दिलं," मी म्हणालो.

"हो," ते म्हणाले आणि आत गेले.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"माफी मागा त्यांची. आत्ता."

मी मागितली नाही. मला इतकी वर्षं जे ऐकून घ्यावं लागलं त्याची माफी कोणी मागितली, असं उलट तिलाच सुनावलं. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत हे बोलतानाही कळत होतं, तरी बोललो.

महिनाभरात आम्ही हिंगणा रोडला भाड्याच्या खोल्या घेतल्या. बायको दर रविवारी वडिलांकडे एकटी जाते. मी तिला गल्लीच्या तोंडाशी सोडतो आणि गाडी वळवतो. यंदा दिवाळीला मात्र घरात गेलो. नमस्काराला वाकलो, तर त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. बायकोने चहा टाकला होता. मी तो न घेताच निघालो.