उतरला होता तो

"मागं बघायचं न्हाई, भाऊ! समोर बघा समोर!"

कालव्याच्या छातीएवढ्या पाण्यात उभा राहून तो असा ओरडायचा. ओरडायच्या आधी नाक शिंकरायचा. मी काठावरच्या कच्च्या रस्त्यावर मोटारसायकल चालू ठेवून बसलेलो. कॅरियरला दोरी बांधलेली, दोरीच्या दुसऱ्या टोकाला हा, आणि ह्याच्या पायाखाली फळी.

आधीच सांगतो, ह्या गोष्टीचं मला आता हसू येत नाही, राग येतो. तुम्हीही त्याला मोबाईलवर पाहिलं असणार. जवळा बाजारपासून पार हिंगोलीपर्यंत फिरली ती रील. गावानं त्याला ठेवलेलं नाव मी इथं लिहिणार नाही.

घर शेळ्या राखणाऱ्यांचं. हा समुद्राकडं कामाला होता. तिथं बोटीमागं दोरी लावून पर्यटकांना फळीवरून ओढतात, ती दोरी गुंडाळायचं ह्याचं काम. गिऱ्हाईक नसताना तिथंच फळीवर उभं राहायला शिकला. मालक म्हणाला होता, हवेत उलटी कोलांटी मारून फळीवर उभा उतर, व्हिडिओ दाखव, मग तुला शिकवायला ठेवतो. बहिणीच्या लग्नाला गावी आला आणि मांडव निघायच्या आत प्लायवूडची फळी घेऊन माझ्या गॅरेजात हजर.

"भाऊ, हिला बूट ठोकून द्या. अन् कालव्याला पाणी हाय तोवर गाडी द्या."

"आणि चालवणार कोण?"

"तुमीच की!"

कोलांटी त्याला पहिल्याच आठवड्यात जमली. अहो, उलटं कुणीही होतं! सुलटं उतरताना जीव जातो. सुरुवातीला पाय ताठ ठेवून उतरायचा, तर हनुवटीवर गुडघा बसून ओठ फाटला. गुडघे वाकवायला शिकला तर दोरीच्या टोकाला बांधलेली पाइपाची मूठ हातातून सुटायला लागली. मग मूठ कमरेशी धरायला लागला, पोटाशी लेकरू धरल्यासारखी. मग कळलं की गडी हवेत डोळेच मिटून घेतो. मान वळवून आधी पाणी शोधायचं, हे अंगात भिनायला त्याला किती तरी आपटावं लागलं. सगळं बराबर झालं, तरी पडायचाच.

एका संध्याकाळी फळी आपटून तो माझ्याच अंगावर आला.

"मी उडालो की तुमी मागं बघता!"

"बघणार नाही तर काय? मेलास म्हणजे?"

"मान वळली की तुमची रेस कमी होती, भाऊ. दोरी ढिली पडती. ढिल्या दोरीवर कोण उतरंल?"

माझं डोकंच फिरलं. पेट्रोल माझं, गाडी माझी, दुकान बंद ठेवून आलोय मी, आणि वरून मलाच ऐकवतो! दोघांनी एकमेकांना यथेच्छ शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी मी परत गेलो, कारण तो म्हणत होता ते खरं होतं.

आणि कालव्याच्या पुलावर गर्दी! हातात फोन घेऊन सगळे ह्याच्या पडण्याची वाट बघत. माझ्या गॅरेजासमोरच्या चहावाल्यानं पडण्याचे सगळे तुकडे जोडले, त्यावर गाढवाचं ओरडणं लावलं आणि दिलं सोडून. मी तडक त्याच्या हॉटेलात गेलो.

"काढ ती रील."

"लोकायला मज्जा येऊन राहिली, तुमाला काहून तकलीफ?"

पोराच्या तोंडातून रक्त येत होतं आणि ह्यांना मज्जा येत होती! त्या दिवसापासून तिथला चहा बंद केला मी. पण हा उलटा मलाच समजावायचा, "हसू द्या भाऊ. मी उतरलो की तेच लोक व्हिडिओ काढतील." त्याच्या ह्या भोळेपणाचाही मला संताप यायचा.

तो उतरला त्या दिवशी गावात बाजार होता. पुलावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी समोर बघून गाडी हाणत होतो. तो उडाला तशी गाडी हलकी झाली. एरवी ती तशीच हलकी राहायची आणि मागं धपकन आवाज यायचा. त्या दिवशी दोरीला हिसका बसला, मागचं चाक दबलं, गाडी पुन्हा जड झाली आणि जडच राहिली. मी रेस सोडली नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी सोडली नाही.

गाडी थांबवली तेव्हा तो पळतच काठावर आला. "पाहिलं का भाऊ?"

"तूच बघू नको म्हणलास ना लेका!"

मग आम्ही दोघं येड्यासारखे हसलो. उद्या माझा फोन काठावर लावून व्हिडिओ करू, असं ठरलं. सकाळी जाऊन बघतो तर पाणी बंद. कालव्याच्या तळाशी नुसता गाळ.

"व्हिडिओ कशाला पायजे? मीच जाऊन दाखवतो," म्हणाला आणि फळी काखेत मारून गेला.

परवा त्याचा फोन आला. मालकाकडं आधीच रील पोहोचली होती. गाढवाच्या आवाजासकट. सगळ्या कामगारांसमोर लावली म्हणे आणि ह्याच्या हातात पुन्हा दोरी दिली.

"पण सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी बोटवाल्या पोराला सांगून एक कोलांटी मारतो, भाऊ. रोज उतरतो."

"मग मालकाला दाखव की!"

"तो उशिरा उठतो."

आणि हसला. हसला हो! मी फोन ठेवला आणि हातातल्या गाडीचा नट इतका आवळला की आटेच गेले. गिऱ्हाईक माझ्यावर ओरडायला लागलं. म्हटलं, ओरड बाबा, कुणीतरी ओरडायलाच पाहिजे.