तारा नसलेली मोटर

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीत ताठ होऊन बसतो. निजामाच्या राज्यात मी जालन्याला अमीन, म्हणजे ठाण्याचा फौजदार होतो. जुन्या जालन्यातल्या एका कापूस-व्यापाऱ्याने आपली हिरवी मोटर मिस्त्रीकडे दिली होती. आतल्या तारा उंदरांनी कुरतडलेल्या. मिस्त्रीने जुन्या तारा एकूण एक उपटल्या, नव्या अजून घालायच्या होत्या, आणि सकाळी पाहतो तर शेडमधून मोटर गायब!

शेठजींनी मिस्त्रीवरच बोट ठेवलं. "तार जोडल्याबिगर मोटर हलते काय? अन् जोडणारा हा एकटाच."

वरिष्ठांना ते पटलं. मिस्त्री कोठडीत गेला. दसरा झाला की त्याचं चालान, म्हणजे आरोपपत्र, कचेरीत पाठवा, असा हुकूम सुटला. मला मात्र हे गळी उतरेना. बैल जुंपले तर तार कशाला लागते?

मिस्त्रीची बायको रोज भाकरी घेऊन यायची. एकदा तिने माझ्यासमोरच जमादाराला धरलं. "चोर आसल तर खुशाल जेलात घाला. पर आधी मोटर तर हुडका! हितं बसून कागद काळे करून राह्यले."

बाई खोटं बोलत नव्हती.

दसऱ्याला ठाण्यात सोनं वाटत होतो, तोच ओळखीचा लॉरी ड्रायव्हर आला. "अमीनसाब, आत्ताच शहागडाहून आलो. तिथं एका शेडम्होरं काळी मोटर हाय, झेंडूच्या माळा घालून. मी कायम त्याच रस्त्यानं जातो, ही मोटर कदी दिसली न्हवती."

मी उडालोच! चोरीची का असेना, दसऱ्याला मोटर पूजेविना कशी ठेवायची? लपवलेली मोटर पूजेपुरती बाहेर काढली असणार, आणि रंग काय, कुणीही बदलतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन जवान घेऊन शहागड गाठलं.

शेडचा मालक गाड्या दुरुस्त करणारा. बेधडक म्हणाला, "हैदराबादेत घेतली. सोता चालवत आणली."

"वाटेत त्रास?"

"बिलकुल न्हाई. एकदाबी बंद पडली न्हाई."

जवानाने काठी आपटली. मी त्याला मागे सारलं आणि मोटरीचं झाकण उचललं. काय देखणं काम होतं! तारा ओळीने बसवलेल्या, वळणावळणावर सुताने घट्ट बांधलेल्या. मी मनापासून म्हणालो, "उस्ताद, हे काम थेट कंपनीतलं दिसतं."

त्याची छाती फुगली. "कंपनीतलं? समदं ह्या हातानं केलंय, साब!"

"जुन्या तारांचीच डागडुजी केली असेल."

"जुन्या?" तो चिडलाच. "आणली तवा एक तार न्हवती तिच्यात!"

"मग हैदराबादेहून चालत कशी आली?"

मी दाराच्या कडेला नखाने खरवडलं, तर काळ्याखाली हिरवा रंग! मग त्याने आपण होऊन सांगितलं: बैलजोड्या बदलत मोटर जालन्याहून ओढून आणली होती.

चोर आणि मोटर घेऊन जालन्याला आलो आणि मी स्वतः कोठडी उघडली. शेठजींनी खाली मान घालून माफी मागितली. मिस्त्री मात्र आधी मोटरीपाशी गेला आणि झाकण उचलून तारा निरखू लागला. "काम बराबर केलंय, अमीनसाब. हा गडी माझ्याकडं आला आस्ता तर कामाला ठिवून घेतला आस्ता."

"आधी घरला चला!" बायकोने त्याचा दंड धरला आणि भर चौकात रडू लागली.

त्या दिवसापासून आरोपी पुढे बसला की मी आधी विचारायचो, "तुला काय चांगलं येतं?" पुष्कळांना हे कुणी कधी विचारलेलंच नसायचं.