घट्ट झाकणाचा डबा

सुरक्षित अन्नसाठवण आणि हवामानाला तोंड देणारी परसबाग, असं आमच्या प्रशिक्षणाचं लांबलचक नाव होतं. झरी जामणी तालुक्यातल्या एका तांड्यावर, समाजमंदिरात, तीन दिवस मी ते शिकवलं. मी मूळची नेरची, कापूस वेचत वाढलेली. पण गृहविज्ञानाची पदवी हातात पडल्यापासून गावातलं सगळं पहिल्यांदाच पाहतेय असा आव आणायची मला सवय लागली होती.

सोबत वरच्या ऑफिसातले एक साहेब होते. त्यांच्या पडद्यावर काचेच्या बरण्या, बरण्यांत पीच नावाची फळं आणि त्या बरण्या उकळत असलेली एक गोरी बाई. समोर रोजी बुडवून आलेल्या बायका. पहिल्या रांगेतल्या एकीनं विचारलं, "हे बरणी कुठी भेटते जी?" साहेब म्हणाले, "छान प्रश्न," आणि पुढचं चित्र लावलं.

मी तरी काय दिवे लावले? हवाबंद, हवाबंद, असा तीन दिवस जप केला. हवा शिरली की लोणचं गेलं, झाकण घट्ट हवं, ढिल्या झाकणाच्या बरण्या बाद करा. परसबागेच्या तासाला सांगितलं, रिकामे डबे आणि कॅन फेकू नका, कापून माती भरा, सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावा. कशाचे कॅन, हे सांगायचं मला सुचलं नाही. कापसाच्या मुलखात घरोघरी रिकामे कॅन कशाचे असतात हे न कळायला मी काही विलायतेहून आले नव्हते. आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषध म्हणतात, आणि ते पिऊन मेलेल्या माणसाबद्दलही "औषध घेतलं" असंच सांगितलं जातं.

तिसऱ्या दिवशी समारोपाला ती पहिल्या रांगेतली बाई उठली. दोन मुलींची आई, सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारी. तिनं माझ्या हातात एक पांढरा प्लास्टिकचा डबा दिला. वरचा कागद खरवडलेला, तरी काठाला निळा तुकडा चिकटून होता.

"लिंबाचं लोणचं हाये मॅडम. सासूची चिनी मातीची बरणी होती, पण तिचं झाकण ढिलं. तुमी म्हणलं हवाबंद पाह्यजे, म्हून काल सारं काढून औषधाच्या तीन कॅनात भरलं. याच्यासारखं घट्ट झाकण अख्ख्या तांड्यात नाही. चार डाव राखेनं धुतलं मी."

मी झाकण उघडलं. मिरचीमेथीच्या खालून तो वास आलाच. बोंडअळीच्या दिवसांत बाबा शेतातून आले की अंगणात पसरायचा, तोच. साहेबांना वास कळला नाही. ते टाळ्या वाजवत म्हणाले, "पाहा, याला म्हणतात प्रशिक्षणाचं फलित!" फोटो निघाला. त्यात मी डबा छातीशी धरून हसते आहे. तोच पुढे अहवालावर झळकला.

मुकुटबनच्या बसथांब्यामागच्या उकिरड्यावर मी तो डबा फेकला आणि तीनदा हात धुतले. बसमध्ये स्वतःला समजावलं की चारचौघांत बोलले असते तर बिचारीचा अपमान झाला असता. हे धडधडीत खोटं होतं. मला समारोप नासवायचा नव्हता, साहेबांचं तोंड वाकडं झालेलं बघायचं नव्हतं. नंतर निरोप पाठवता आला असता. तोही पाठवला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. आणि माझ्यासारख्या पाषाणाला प्रवासभत्ताही मिळतो.

दीड महिन्यानं पाठपुराव्याचे फॉर्म भरायला मी पुन्हा त्या तांड्यावर गेले. तिच्या मागच्या अंगणात कापलेल्या कॅनांत सांभार टरारून आला होता. आत मुली जेवत होत्या. चहा झाल्यावर तिनं आणखी एक तसाच डबा आणून माझ्यासमोर ठेवला.

"पहिला संपला असंल. पोरी हा डबा बी मागत होत्या, पन तुमच्यासाठी काढून ठेवला."

या वेळी मी बोलले. तो पहिला डबा मी त्याच दिवशी फेकला, विषाचा वास येत होता, धुऊन ते जात नाही, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं ती रागावेल, रडेल. तिनं एवढंच विचारलं,

"तुमाले तवाच समजलं होतं?"

"हो."

"मंग तवाच काहून नाही सांगतलं? मी काय मारलं असतं तुमाले?"

ती आत गेली. मुलींच्या ताटांतल्या लोणच्याच्या फोडी तिनं बोटांनी निपटून काढल्या. धाकटी रडायला लागली, तिला फोड हवी होती. तसेच तेलकट हात घेऊन ती बाहेर आली.

"दीड महिना रोज खाऊन राह्यल्या ह्या. शाळेच्या डब्यात बी हेच. आता काय होईन त्यायले?"

दवाखान्यात दाखव, असं मी म्हणाले.

"दवाखान्यात समजते काय हे?"

मला माहीत नव्हतं. तीन दिवस मी तिला सुरक्षित अन्न शिकवलं होतं आणि मला एवढंही माहीत नव्हतं.