हारुनचा निरोप

पंडित चौधरी जळगावच्या एका केळी संघात कॉम्प्युटर बघायचा. सत्त्याण्णव साल. अख्ख्या ऑफिसात त्या डब्यातलं कळणारा तो एकटाच, त्यामुळे तोराही तसाच.

धुळ्याच्या शाखेतून हारुन फोनच्या तारेवरून रोज निरोप धाडायचा: कोणाच्या मळ्यात कोणत्या तारखेला ट्रक पाठवायचा. हारुनचा पासवर्ड पटला की निरोप घेतला जाई. वाटेत कोणी वाचू नये म्हणून त्याची अक्षरं उलटीपालटी होऊन येत. शिवाय मागे पडताळणीचा एक आकडा असे, दोन्हीकडे ठाऊक असलेल्या गुप्त शब्दावरून आणि अख्ख्या निरोपावरून काढलेला. निरोपातलं एक अक्षर जरी बदललं तरी आकडा जुळत नसे आणि कॉम्प्युटर निरोप परत पाठवी.

श्रावणात तार खरखरायला लागली. एकेक निरोप सहा सहा वेळा परत. मॅनेजर डोक्यावर बसलेले. शेवटी पंडितने गुपचूप ती पडताळणीच बंद करून टाकली. निरोप झाकलेला आहे ना, मग त्याला धक्का कोण लावतो! झाकलेलं म्हणजे शाबूत, असं या शहाण्याने धरून चालवलं. न वाचता येणारी गोष्टही बिघडू शकते, हे त्याला नाशिकच्या ट्रेनिंगमध्ये चांगलं शिकवलं होतं.

पंधरा दिवसांनी शिरपूरकडचे अभिमन आबा ऑफिसात येऊन कडाडले, "मना बठ्ठा माल झाडवरच पिकी गया! चौदा तारीख सांगेल व्हती मी!"

ट्रक पोचेपर्यंत त्यांची सगळी केळी झाडावरच पिकली होती, कारण जळगावला आलेल्या निरोपात एकोणीस तारीख होती. हारुनला बोलावून घेतलं.

"मी चौदाच टाकली, साहेब. अल्लाची शपथ."

मॅनेजर पंडितकडे वळले. "मशीन काय म्हणतं?"

तारेच्या खरखरीत तारखेचा आकडा फिरला, हे पंडितला त्याच क्षणी कळलं होतं. पण खरं सांगावं तर नोकरी जाणार, चारचौघांत छी-थू होणार.

"निरोप हारुनच्याच पासवर्डवर आलाय," तो म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं, म्हणूनच ते जास्त हलकट होतं.

हारुन घरी बसला. पंडितने त्याच संध्याकाळी पडताळणी परत चालू केली. पुढे त्याला बढतीही मिळाली, पण धुळ्याचं नाव निघालं की त्याला लाज वाटे. दोन वर्षं तो त्या गावाला गेलाच नाही. शेवटी अन्न गोड लागेना, तेव्हा एस.टी.त बसला.

धुळ्यात पाच कंदील चौकाजवळ हारुनचं झेरॉक्सचं दुकान होतं. पंडित उभ्या उभ्याच बोलून गेला, "पडताळणी मी बंद केली होती, हारुन. तू खरा होतास."

हारुनने हातातले कागद ठोकून सारखे केले. "माहीत होतं, भाऊ. रोज परत येणारे निरोप एकदम यायचे थांबले, तेव्हाच समजलं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"तुम्ही समोर उभे होते ना," हारुन म्हणाला. "वाटलं, तुम्हीच सांगाल."