मामांनी उघडलेला लॅपटॉप

माझ्या बायकोच्या मामांसारखा माणूस बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नाही, आणि एका जिल्ह्याला असा एकच पुरे आहे. मामा बुलढाण्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण दिसेल ती वस्तू उघडून पाहण्यातून काही निवृत्त झाले नाहीत. आमच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या आधी लाउडस्पीकर खरखरला, तर मामांनी तो मांडवातच उघडला. भटजींनी मंगलाष्टका नुसत्या गळ्यावर म्हटल्या, आणि मामांनी टाकलेल्या अक्षतांबरोबर माझ्या डोक्यावर एक स्क्रूही पडला. आमचा मिक्सर त्यांच्या हातून गेल्यापासून डावीकडे कलता धरला तरच फिरतो. बायकोने तक्रार केली की म्हणतात, "फिरते ना? मंग?"

मी दुसरबीडला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. म्हणजे कंपनीचा कॉम्प्युटर पुण्यात, आणि मी इथून लॅपटॉपवरून त्यात शिरून गोदामाच्या नोंदी तपासतो. ही सोय मी हातापाया पडून मिळवली होती, कारण वडिलांना अर्धांगवायू झाला होता आणि आईला एकटीने त्यांना कुशीवर वळवणं जमत नव्हतं. अशात कंपनीने कळवलं की तुमच्या लॅपटॉपमधली सिस्टिम जुनी झाली, सोमवारपासून आमचा कॉम्प्युटर तिला आत घेणार नाही. नवी टाका, नाहीतर पुण्याला या. माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपला नवी झेपत नव्हती, आणि दुसरा लॅपटॉप घेण्याजोगं दवाखान्याने काही ठेवलं नव्हतं. मी मामांना फोन केला. पुढच्या एसटीने ते हजर.

"काऊन घाबरून राह्यले, जवाईबापू? लिनक्स नावाची सिस्टिम टाकू. फुकट हाय, अन् साऱ्या दुनियेले उघडी हाय. ज्याचं झाकण उघडता येत नाही, थे वस्तू आपली कशी म्हणाव?"

लिनक्सला कंपनीचीही हरकत नव्हती. रविवारभर मामा लॅपटॉपला चुचकारत, दटावत बसले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी तो नवा करून दिला. वर हौसेने सगळं मराठीत केलं, अगदी कीबोर्डसुद्धा.

सोमवारी मी पुण्यात शिरायला गेलो, तर पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकला, पुन्हा चुकीचा. पासवर्डाचे नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे ठिपक्यांमागे मराठी अक्षरं पडताहेत हे आम्हा दोघांच्याही ध्यानात येईना. शेवटी कंपनीने माझं खातंच बंद केलं. तेवढ्यात साहेबांचा फोन, "जमत नसेल तर इकडेच या."

मामांनी फोन माझ्या हातून घेतला. "साहेब, चूक माही हाय. याचे वडील अंथरुणावर हायेत, याले येता येत नाही. एक डाव खातं उघडा. नाही चाललं तर मी सोता पुण्याले येऊन तुमच्या गोदामात बसतो." जन्मभर पोरांना वर्गात उभं केलेला तो माणूस हे सगळं उभं राहून बोलला.

साहेबांनी खातं उघडलं. मामांनी या वेळी पासवर्ड आधी कोऱ्या पानावर टाइप करून पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. कीबोर्ड इंग्रजी केला, आणि पुण्याचा पडदा माझ्यासमोर उघडला. मामा उठून वडिलांच्या खाटेजवळ गेले. "झालं, व्याहीबुवा. पोरगं कुठी जात नाही." वडिलांना बोलता येत नव्हतं. त्यांनी मामांचा सदरा धरून ठेवला.

मामा आता बंगळुरूला मुलाकडे असतात. तिथे त्यांना काही उघडू देत नाहीत म्हणे, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. आभार मानायला लागलो की ते मिक्सरची चौकशी करतात. पण मी त्यांचा जन्मभराचा ऋणी आहे. माझे वडील गेले ते कामाच्या दिवशी, दुपारी. पडद्यावर पुण्याचं गोदाम उघडं होतं, आणि त्यांचा हात माझ्या हातात होता.